नगऱ्यातला ऱ्य, झाशीचा झ

झाशीच्या रेल्वे स्थानकाला आता वीरांगना लक्ष्मीबाईंचे नाव मिळाले आहे. हे स्थानक आणि रेल्वेचा कारखाना यांच्या आसऱ्याने शहराचा जो भाग वाढला, त्यातच नगरा येते. हिंदी बोलणारा सहसा ‘नगरा में’ म्हणतो आणि नावाला हात लावत नाही. मराठी माणसाला मात्र सामान्यरूप केल्याशिवाय पुढे जाववत नाही. वाडा, वाड्यात. घोडा, घोड्यावर. तसे नगरा, नगऱ्यात. या एका विभक्तीने असे अक्षर येते की जे हिंदीला लागत नाही आणि मराठीला टाळता येत नाही. ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतला हा ऱ्य हिंदी वळणाने लिहिला की त्याचा रफार होतो आणि ‘नगर्यात’ असे काहीतरी उमटते. ते वाचताना ‘आर्य’ किंवा ‘सूर्य’ यांच्यासारखा आघात पडतो. डोळ्यांना फरक थोडा दिसतो, कानाला तो पुष्कळ जाणवतो.

हाताने लिहिलेल्या पत्रात हा प्रश्न नव्हता. टाक असो, बॉलपेन असो, ऱ्य काढायला कुणाची परवानगी लागत नसे. परवानगीचा प्रश्न आला तो संगणकावरच्या टपालाबरोबर. मेलचा प्रोग्राम घरात आला, त्याने पुष्कळ सोयी दिल्या आणि त्यांच्या बदल्यात, कुणी नीट लक्ष देण्याआधीच, पत्राची लिपी काढून घेतली. या व्यवहाराचा इतिहास झाशीसारख्या ठिकाणाहून जास्त स्पष्ट दिसतो, कारण इथे मराठी ही बाजारातली वा कचेरीतली भाषा नाही. ती घरातली आणि पत्रातली भाषा आहे. पत्र गेले की तिचा अर्धा संसार गेला.

नेवाळकरांच्या काळात असे नव्हते. तेव्हा झाशीच्या दरबारात मराठी चालत होती, आणि मराठी कारभाराची लेखणी मोडीत चाले. १८५३ साली गंगाधररावांचे निधन झाले, संस्थान खालसा झाले, १८५८ साली शहर पडले. मराठी घरे पांगली, काही टिकली. १८४२ साली ज्या गणेशमंदिरात मनकर्णिका आणि गंगाधरराव यांचा विवाह झाला, ते आजही ‘महाराष्ट्र गणेश मंदिर’ म्हणूनच ओळखले जाते. पुढे मराठी माणसाला झाशीशी पुन्हा जोडले ते रेल्वेने. इंडियन मिडलंड रेल्वे जी.आय.पी.त गेली, १९५१ साली जी.आय.पी.ची मध्य रेल्वे झाली आणि झाशी विभागाचे मुख्यालय मुंबईत राहिले. २००३ च्या १ एप्रिलला उत्तर मध्य रेल्वे सुरू झाली तेव्हा कुठे झाशीच्या फायली मुंबईऐवजी अलाहाबादला जाऊ लागल्या. पन्नास वर्षांहून अधिक काळ इथल्या बदल्या, बढत्या आणि निवृत्तिवेतनाचे निर्णय बोरीबंदरातून येत होते. अशा ठिकाणी टपालाला महत्त्व येते ते भावनेने नव्हे, गरजेने.

त्या काळात निरोपाचा वेगवान मार्ग म्हणजे तार, आणि रेल्वेची तार इंग्रजीत चाले. महावीरप्रसाद द्विवेदी याच झाशीत रेल्वेच्या तारखात्यात नोकरीला होते. मुंबईत असताना ते मराठी शिकले होते. १९०३ साली त्यांनी ‘सरस्वती’चे संपादन हाती घेतले, १९०४ साली वरिष्ठांशी बिनसल्यावर नोकरीवर पाणी सोडले आणि दरमहा २३ रुपयांवर हिंदी गद्याला वळण लावायला बसले. ज्या माणसाने खडी बोलीच्या व्याकरणाचा इतका कडक आग्रह धरला, त्याची बोटे दिवसभर इंग्रजी तारांची कटकट करत होती, हे मला योगायोगापेक्षा अधिक वाटते. वेग रोमन लिपीकडे आणि जिव्हाळा देवनागरीकडे, ही वाटणी झाशीत संगणकाच्या फार आधीपासून होती.

संगणकावरच्या टपालाने ती वाटणी पक्की केली. १९७१ साली रे टॉमलिन्सन यांनी एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर निरोप धाडताना नाव आणि ठिकाण यांच्यामध्ये ॲट हे चिन्ह बसवले. १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी टपाल वाहून नेण्याचे नियम लिहिले. त्या नियमांप्रमाणे वाहतूक सात बिटांच्या अक्षरांची होती. सात बिटांत १२८ खुणा बसतात. इंग्रजी बाराखडी (असे म्हणू या), अंक, विरामचिन्हे आणि यंत्राला द्यायच्या काही आज्ञा एवढ्यात ती पिशवी भरली. फ्रेंचांच्या स्वरांवरच्या खुणांनाही तिथे जागा नव्हती, मग आपल्या जोडाक्षरांची कथा काय! यात कुणाचा आकस नव्हता. पण पिशवी शिवणाऱ्याने आपल्याच घरातले सामान मोजून ती शिवली होती, हे खरे.

त्या पिशवीवर जे प्रोग्राम उभे राहिले त्यांतला युडोरा हा एक देखणा प्रोग्राम. १९८८ साली इलिनॉय विद्यापीठात स्टीव्ह डॉर्नर यांनी तो लिहिला. नाव घेतले ते अमेरिकन कथालेखिका युडोरा वेल्टी यांचे, कारण घरच्यांशी भांडून पोस्टात राहायला गेलेल्या बाईची त्यांची एक गोष्ट प्रसिद्ध आहे आणि टपालाचा प्रोग्राम लिहिता लिहिता डॉर्नर यांनाही आपण पोस्टातच मुक्कामाला आहोत असे वाटू लागले होते. साहित्यातून नाव घेतलेला संगणकाचा प्रोग्राम विरळाच, म्हणून हा तपशील सांगितल्याशिवाय राहवत नाही. युडोरात चाळण्या होत्या. अमक्याचे पत्र आले की अमक्या कप्प्यात जावे, अशी आज्ञा देता येई. २००० सालच्या आवृत्तीत तर पत्रातली भाषा किती तिखट आहे हे मोजून मिरच्या दाखवण्याची सोय आली. ती इंग्रजीपुरती. मराठी शिव्या निर्धोक जात.

आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमाने इंटरनेट सर्वसामान्य ग्राहकांना खुले केले, तेव्हा या प्रोग्रामांचे खरे मोल कळले. जोडणी फोनच्या तारेवरून, मिनिटामिनिटाच्या हिशेबाने. लहान शहरांतून तर मोठ्या शहरातल्या केंद्राला एसटीडी लावावा लागे. अशा वेळी मेलचा प्रोग्राम काटकसरी गृहिणीसारखा वागे. पत्रे आधी फोन बंद ठेवून निवांत लिहायची, ती ‘आउटबॉक्स’मध्ये साठवायची, मग फोन जोडायचा, एका दमात गेलेली पाठवायची, आलेली उतरवून घ्यायची आणि फोन तोडायचा. पत्र आपल्या यंत्रावर उतरले की ते आपले. सर्व्हरवरून ते पुसले जाई. ही मालकी फार महत्त्वाची होती. पत्र्याच्या पेटीत आजोबांची कार्डे ठेवावीत तसे ते पत्र घरात राहत होते.

पण घरात राहिले ते कुठल्या रूपात?

भारतीय लिपींची सोय संगणकावर नव्हती असे नाही. कानपूरच्या आयआयटीत मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिस्ट हे तंत्र उभे केले. १९८८ साली पुण्यात सी-डॅक स्थापन झाल्यावर ते काम तिथे गेले. भारतीय लिपींसाठी इस्की हे प्रमाण ठरले, १९९१ साली ते भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झाले. म्हणजे झाशीहून रेल्वेने काही तासांवर असलेल्या गावी जे जन्मले ते पुण्यात वाढले. मराठीच्या दृष्टीने यापेक्षा शुभ योग काय असावा? तरीही घरोघरी पोचले ते इस्की नव्हे, फॉन्ट. कारण फॉन्टची युक्ती सोपी आणि स्वस्त होती. संगणकाला रोमन ‘डी’ आहे असेच वाटू द्यायचे, फक्त त्या जागी चित्र क चे काढायचे. यंत्राच्या लेखी मजकूर इंग्रजीच राही. देवनागरी हा नुसता मुखवटा.

आणि मुखवटे अनेक होते. उत्तर प्रदेशातल्या कचेऱ्यांत आणि टंकलेखनाच्या दुकानांत कृतिदेव चाले, रेमिंग्टनच्या टंकयंत्राची सवय असलेल्या बोटांना सोयीचा. महाराष्ट्रात श्रीलिपी, आकृती, शिवाजी. प्रत्येकाची चित्रांची मांडणी निराळी. कृतिदेवात ‘राम’ लिहिले आणि समोरच्याकडे तो फॉन्ट नसला तर त्याला जे, के, ई ही तीन रोमन अक्षरे दिसत. पण समोरच्याकडे दुसराच देवनागरी फॉन्ट असला तर अधिक वाईट, कारण मग देवनागरीच दिसे, पण कुठल्याच भाषेतली नव्हे. झाशीच्या यंत्रावर कृतिदेव आणि पुण्याच्या यंत्रावर श्रीलिपी, म्हणजे दोन मराठी माणसे एकाच लिपीत लिहून एकमेकांना निरक्षर.

इथे झाशीच्या झ ची खास फजिती आहे. कृतिदेवात झ बसवला आहे तो रोमन कळफलकावरच्या ‘पेक्षा मोठे’ या चिन्हावर, गणितात वापरतो त्या उजवीकडे टोक असलेल्या कोनावर. मेलच्या जगात याच कोनाला दुसरे काम आहे. एखाद्या पत्राला उत्तर देताना मूळ पत्रातली प्रत्येक ओळ कोनामागे ठेवायची, म्हणजे वाचणाऱ्याला कळते की हे शब्द माझे नाहीत, तुमचेच आहेत. थंडरबर्डसारखे प्रोग्राम साध्या मजकुरात ओळीच्या आरंभी कोन दिसला की तो गिळून टाकतात आणि डावीकडे रंगीत रेघ ओढतात. आता कृतिदेवातला मजकूर साध्या पत्रात चिकटवला आणि एखादी ओळ ‘झाशी’ या शब्दाने सुरू झाली, तर पाठवणाऱ्या प्रोग्रामने खबरदारी घेतलेली नसल्यास झ जाई आणि उरलेली ओळ समोरच्याच्या तोंडी घातली जाई. ‘झाशीत पाऊस नाही’ हे मी सांगायचे आणि ते तुम्हीच मला सांगितले होते असे पडद्याने म्हणायचे. गावाचे नाव लिहिले की बोलणारा बदलतो, असा विनोद लेखणीच्या काळात कुणाला सुचला नसता.

या गोंधळावर दोन उतारे निघाले होते. एक, १९९२ साली नथॅनियल बोरेनस्टीन आणि नेड फ्रीड यांनी मांडलेली माइम ही पद्धत. सात बिटांची जुनी पिशवी न फाडता तिच्यात चित्र, आवाज आणि परक्या लिपी बांधून कशा पाठवाव्यात याचा हा गाठोडे-विधी. दुसरा, १९९१ पासून आकाराला आलेले युनिकोड, ज्यात देवनागरीची रचना इस्कीवरूनच घेतली होती. दोन्ही एकत्र आले की पत्र पोचते, पण प्रवास पाहण्यासारखा असतो. युटीएफ-८ मध्ये देवनागरीचे एक चिन्ह तीन बाइटांचे. ‘नमस्कार’ या शब्दात पायमोड आणि काना धरून सात चिन्हे, म्हणजे २१ बाइट. माइमच्या एका पद्धतीत प्रत्येक बाइट तीन रोमन खुणांनी लिहितात, म्हणजे एका नमस्काराला ६३ खुणा. आपला नमस्कार वाकून वाकून इतका लांबतो, हे पाठवणाऱ्याला दिसत नाही. पोचल्यावर समोरच्या प्रोग्रामने तो उलट उलगडायचा असतो.

तो उलगडला नाही की जे दिसे ते अनेकांनी पाहिले आहे, पण त्यातही व्याकरण आहे. पत्राच्या पाकिटावर ‘आतील मजकूर युटीएफ-८’ अशी चिठ्ठी नसली, तर प्रोग्राम तो मजकूर पश्चिम युरोपाचा समजे. मग प्रत्येक देवनागरी चिन्हाच्या आधी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’ येई. म च्या जागी वर्तुळातला ‘आर’, म्हणजे नोंदणीकृत व्यापारचिन्ह. काना म्हणजे पाऊणचा अपूर्णांक. पहिली वेलांटी म्हणजे उलटे प्रश्नचिन्ह. दुसरी वेलांटी, उकार, मात्रा, पायमोड यांच्या आधी जपानी येनचे चिन्ह. मामांचे पत्र आले की नावाच्या जागी दोन व्यापारचिन्हे आणि दोन पाऊण. हा आजार बरा होण्यासारखा होता. ‘व्ह्यू’मध्ये जाऊन ‘एन्कोडिंग’ बदलले की मामा परत येत. पुढचे पत्र उघडले की पुन्हा तेच.

बरा न होणारा आजार म्हणजे प्रश्नचिन्हे. विंडोजमध्ये देवनागरीचा आधार आला तो विंडोज २००० पासून. एक्सपीमध्ये तो असे, पण सुरू करायला मूळ सीडी शोधून फायली चढवाव्या लागत. विंडोजने देवनागरीला जुन्या धर्तीचे आठ बिटांचे कोष्टक कधी दिलेच नाही. युनिकोड नाही तर काहीच नाही, असा मामला. म्हणून आउटलुक एक्स्प्रेसमध्ये इंग्रजी पत्राला मराठीत उत्तर लिहून ‘पाठवा’ दाबले की एक चौकट उभी राही. काही अक्षरे या कोष्टकात बसत नाहीत, युनिकोड म्हणून पाठवू की आहे तसे पाठवू? ‘आहे तसे’ हे शब्द किती साधे आणि भरवशाचे वाटतात! ते निवडले की प्रत्येक अक्षराचे प्रश्नचिन्ह होऊन पत्र जाई. माहितीच नष्ट, कुठलाही वैद्य चालणार नाही. आउटलुकच्या २००३ पूर्वीच्या साठवण-फायलीत तर पत्र नीट आले तरी विषयाची ओळ आणि पाठवणाऱ्याचे नाव प्रश्नचिन्हांत बुडे. आणि ज्या युडोराची इतकी स्तुती केली, त्याच्या विंडोज आवृत्तीला शेवटपर्यंत युनिकोड धड जमले नाही. २००६ साली त्याचा व्यवसाय आवरला गेला. २०१८ साली त्याची मूळ संहिता संगणक-इतिहासाच्या कॅलिफोर्नियातल्या संग्रहालयाने खुली केली. इंग्रजी पत्रव्यवहारासाठी हळहळणारे अजून आहेत. आपल्याला हळहळायला त्याने फारसे दिले नाही.

मग लोकांनी काय केले? रोमन लिपीत मराठी लिहिली. याबद्दल मराठी माणसाला पुष्कळ बोल लावले गेले: आळशी, इंग्रजाळलेला, आईच्या भाषेला लाजणारा. मला हा आरोप मुळातच चुकीचा वाटतो. पत्र समोरच्याला वाचता यावे ही लिहिणाऱ्याची पहिली जबाबदारी, आणि समोरच्या यंत्रावर काय आहे हे कळायला मार्ग नव्हता. रोमन लिपी एवढी एकच वस्तू सर्वत्र पोचण्याची खात्री होती. लोकांनी लिपी सोडून भाषा वाचवली. त्याची किंमतही मोजली. मला, माला, मळा आणि माळा या चारही शब्दांना तीच चार रोमन अक्षरे. ळ आणि ल एक, ण आणि न एक. वर शुद्धलेखन तपासण्याची सोय चालू असली तर पाठवताना प्रत्येक शब्दावर थांबून प्रोग्राम विचारी, हे काय आहे, बदलू का? सोडा, सोडा, सोडा असे वीस वेळा म्हटल्यावर आजीच्या गुडघेदुखीची बातमी झाशीहून नाशिकला जाई. गंमत म्हणजे ‘नगऱ्यात’ हा शब्द रोमनमध्ये विनासायास लिहिता येई. वाचणारा मराठी असला की ऱ्य आपोआप उमटे.

देवनागरीत तो नीट यायला वेळ लागला. युनिकोडमध्ये र ला पायमोड देऊन य जोडला की रफारच होतो. ऱ्य हवा तर त्यासाठी खाली टिंब असलेला वेगळा ऱ घ्यावा लागतो. इन्स्क्रिप्ट कळफलकावर तो ‘जे’च्या कळीवर शिफ्ट दाबून येतो, पण हे सांगणारे शेजारी झाशीत कोण? ॲ या अक्षराला तर युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली २००८ साली. विंडोजचा मंगल फॉन्ट ल आणि श ची हिंदी वळणे दाखवी, ती आम्हां झाशीकरांना खुपण्याचे कारण नव्हते. शाळेत आम्ही तीच गिरवली.

तोवर टपाल यंत्रावरून उठून गेले होते. १९९६ साली हॉटमेल, २००४ साली एक गिगाबाइट जागा देणारे जीमेल. ब्राउझरमध्ये मराठी सहसा बिनबोभाट दिसू लागली, आणि पत्र्याची पेटी दुसऱ्याच्या घरी गेली. ही अदलाबदल बहुतेकांनी आनंदाने केली. त्यांना नावे ठेवता येत नाहीत. पण १९९६ ते २००५ या काळातली पत्रे मात्र जुन्या यंत्रांतच राहिली. आउटलुक एक्स्प्रेस प्रत्येक कप्प्याची एक फाइल करी. ती दोन गिगाबाइटांना टेकली की बिघडे आणि आवराआवर चालू असताना वीज गेली तर अख्खा कप्पा जाई. उत्तर प्रदेशात वीज जाण्याबद्दल वेगळे लिहायला नको. युडोरा आणि थंडरबर्ड पत्रे साध्या मजकुराच्या फायलीत एकाखाली एक ठेवत. त्या आजही उघडतात. म्हणून घरात जुना संगणक पडला असेल तर तो भंगारात देण्याआधी त्यातल्या या फायली उतरवून घ्याव्यात, असे मी ओळखीच्या मराठी घरांतून सांगत असतो. लग्नांच्या वाटाघाटी, बदलीच्या बातम्या, घर विकावे की नाही यावरची भांडणे, सगळे तिथे आहे.

मोडीचे कागद वाचणारी माणसे थोडी असली तरी आहेत. मोडीचे वर्ग चालतात, २०१४ साली मोडीला युनिकोडमध्येही जागा मिळाली. कृतिदेवातल्या पत्रांसाठी मात्र माणसाने शिकण्यासारखे काही नाही. ते काम परिवर्तक करतो. जुना मजकूर एका चौकटीत टाकायचा, दुसऱ्या चौकटीतून युनिकोड निघते. जे, के, ई चा पुन्हा राम होतो. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, शब्द एकमेकांना चिकटून येतात. तिथे वाचणारा अंदाजाने तोडतो. परिवर्तकाला अंदाज नसतो. त्याला कोन दिसला की तो झ करतो, मग तो झाशीचा असो की उत्तरातल्या जुन्या ओळीपुढचा. एकदा उत्तर दिलेल्या पत्रातल्या जुन्या ओळींपुढे एक झ येतो. तीनदा उत्तर-प्रत्युत्तर झाले असेल तर ‘झझझ’. अशी पाने समोर घेऊन मग एकेका झ वर बोट ठेवून बसावे लागते: हा काढायचा, हाही काढायचा, हा राहू द्यायचा, इथे गावाचे नाव आहे.